आडवा हात

माणिकबाई "नको" म्हणाल्या आणि ताराबाई खुर्चीत पुढे झुकल्या. तसं पाहिलं तर केवढासा तो शब्द. दिवसातून दहा वेळा माणूस तो म्हणतो, दहा वेळा ऐकतो, आणि कुणाचं काही बिघडत नाही. पण आज भर दुपारी, कॉलेजच्या त्या लांबोडक्या खोलीत, पांढऱ्या चादरीच्या टेबलाशी पाहुणी म्हणून बसलेल्या पुण्याच्या परीक्षक बाईंच्या तोंडून तो निघाला, आणि समोर डाळीचे गोळे घातलेल्या गोळाभाताचं पातेलं हातात धरून उभी असलेली मनकर्णा जागच्या जागी थबकली. पातेल्यातून वाफ निघत होती. वर नुकतंच ओतलेलं हिंगाचं कडकडीत तेल अजून चुरचुरत होतं. भिंतीशी खुर्ची टाकून बसलेल्या ताराबाईंना त्या वासानं एकदम भुकेची आठवण झाली, आणि मग त्यांना स्वतःचाच राग आला. इथे पोरीचा जीव टांगणीला लागलाय, आणि आपल्याला भूक कसली सुचते! पण काय करणार, सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नव्हतं. पाहुणा जेवल्याशिवाय घरातल्या बाईनं जेवायचं नसतं, ही सवय एवढ्या शिक्षणानंतरही सुटली नव्हती. आणि कॉलेजच्या, म्हणजे घरच्या, परीक्षक म्हणून आज बोलायचं नाही, खुणावायचं नाही, खाकरायचंसुद्धा नाही, असा नियम होता. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं आणि मनातल्या मनात म्हटलं, फीर मागे. मनकर्णे, माझी आई, आता तरी मागे फीर.

कारण पाहुण्यानं एकदा नाही म्हटलं की मागे फिरायचं, हा त्यांच्या विषयातला पहिला धडा. विषयाचं कागदावरचं नाव मोठं भारदस्त होतं, 'आतिथ्य आणि संस्था-व्यवस्था'. पण अमरावतीत कुणी ते नाव घेत नसे. राजापेठेतल्या भाजीवालीपासून बार रूममधल्या वकिलांपर्यंत सगळे त्याला पाहुणचाराची बी.ए. म्हणत. बी.ए.ला हा विषय सुरू होऊन तीन वर्षं होत होती, आणि त्याची ही पहिली तुकडी परीक्षेला बसली होती. पहिल्या वर्षी मनकर्णाचं नाव घालायला बार्शीटाकळीहून तिचे वडील रामराव आले होते. डोक्याला पांढरा फेटा, पायात करकरणाऱ्या वहाणा. खुर्चीच्या अगदी टोकावर बसून त्यांनी ताराबाईंचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. वसतिगृहं, इस्पितळांची स्वयंपाकघरं, डोंगरावरची प्रवासी निवासस्थानं, उद्या ही सगळी चालवायला शिकलेल्या मुली लागतील वगैरे. मग शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचं सारं खरं हाय. पन मले एक सांगा, पाहुन्याले जेवू घालाले कालेज कायले लागते?" ताराबाईंना हसू आवरलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या वडिलांनी, चांगल्या नावाजलेल्या वकिलांनी, दहा वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला होता, फक्त शुद्ध मराठीत.

पण रामराव विनोद करायला आले नव्हते. उठता उठता त्यांनी सांगून टाकलं, "शिकू द्या बी.ए. होईस्तोर. पास झाली त अकोल्याच्या बोर्डिंगात मुलींची खानावळ सांभाळाची नवकरी हाय म्हंतात, ते करू दे. माह्या शब्द हाय. पन नापास झाली त मंग मी काई थांबत नाई. अचलपूरचं पाहुनं दारात बसूनच हाय." दारात बसलेलं पाहुणं म्हणजे स्थळ. माणूस सरळ होता, शब्दाचा पक्का होता, आणि म्हणूनच ताराबाईंना आज धास्ती वाटत होती. लेखी पेपर मनकर्णानं चांगले लिहिले होते. हिशेब, सकस आहार, भांडारघर, सगळ्यात पोरगी खणखणीत. पण प्रात्यक्षिकात वेगळं पास व्हावं लागे, आणि प्रात्यक्षिकात मनकर्णाचा हात आवरत नसे. मागे दिवाळीच्या सुमारास सराव म्हणून प्राचार्य महादेवरावांना पाहुणा केलं होतं. महादेवरावांना साखरेचा आजार. ते "नको, नको" म्हणत राहिले आणि मनकर्णा वाढत राहिली. तीन पुरणपोळ्या गेल्या, वर तूप. दुसऱ्या दिवशी महादेवरावांची बायको कॉलेजात येऊन ताराबाईंशी अशी भांडली, अशी भांडली, की शिपायांनी घंटा द्यायची सोडून दारात गर्दी केली. ताराबाईंनी मनकर्णाला फैलावर घेतलं. "ते नको म्हणत होते ना गं? कान कुठे होते तुझे?" तर ही बया म्हणते कशी, "बाई, ते तोंडानं म्हनून राहिले व्हते. हात कुठी आडवा केला त्यांनी?"

हात आडवा. ताराबाईंना तेव्हा मान्यच करावं लागलं, कारण खरं होतं ते. त्यांच्या लहानपणी पंगतीत वाढताना आई हेच शिकवायची. ज्याला खरंच पुरे झालं तो पानावर पंजा पसरतो. त्याला मग घास वाढायचा नाही, वाढला तर तो त्याचा अपमान. आणि जो नुसतं तोंडानं नको म्हणतो, हात मात्र आपल्या जागी ठेवतो, त्याला वाढल्याशिवाय पुढे जायचं नाही, गेलं तर तोही अपमानच. हे त्यांना पाठ होतं. मग कुठे गेलं? मुंबईत गेलं. हॉटेल आणि खानपानाचं शिक्षण घ्यायला त्या मुंबईला गेल्या तेव्हा विशीत होत्या, मामांकडे दादरला राहत. वर्गातली अनुपमा नावाची मैत्रीण एका रविवारी त्यांना घरी घेऊन गेली. बाराचा सुमार, घरात वांग्याच्या भाजीचा घमघमाट. अनुपमाची आई प्रेमळ, तोंडभर हसून म्हणाली, "जेवणार आहेस ना? की जेवून आलीस?" जेवणार का, असं अमरावतीत शत्रूलासुद्धा कुणी विचारत नाही. तिथे हात धुवा म्हणतात. ताराला वाटलं, विचारलंय तर पहिल्यांदा नाहीच म्हटलं पाहिजे, नाहीतर हावरी वाटेल. "नको, जेवून आले," ती म्हणाली, आणि आता अनुपमाची आई ओरडेल, हाताला धरून पाटावर बसवेल म्हणून वाट पाहत राहिली. आई म्हणाली, "बरं." संपलं! सगळं घर जेवायला बसलं आणि तारा शेजारी बसून मासिकातली चित्रं पाहत राहिली. पोटातले कावळे एवढे कोकलत होते की तिला वाटलं, यांना ऐकू कसं जात नाही. भात झाला, ताक झालं, कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. बरं, त्या लोकांत वाईट काही नव्हतं. तिनं नको म्हटलं, त्यांनी तिच्या शब्दाचा मान राखला. संध्याकाळी मामीनं हसून हसून डोळे पुसले आणि मग ताटभर वाढलं.

त्या दिवसानंतर तारा पहिल्याच वेळेला हो म्हणायला शिकली. ते इतकं अंगवळणी पडलं की नको हा शब्दच तिच्या जिभेवरून गेला. शिक्षण पुरं करून ती परत आली, आणि वडील एकदा तिला घेऊन अकोल्याला कुणा स्नेह्यांकडे गेले. सहज म्हणून. असल्या सहज जाण्याचा अर्थ सगळ्यांना कळत होता, मुलगा पलीकडच्या खोलीत कोट घालून बसलाच होता. मुलाची आई मैनाबाई, अंगानं भरलेल्या, नाकात मोत्यांची नथ. त्यांनी अनारशांची ताटली पुढे केली. "घे बाळ." ताराने घेतला. "अजून घे." "हो, द्या ना." मैनाबाईंचा हात जरा अडखळला. "अजून एक?" "हो, छान झालेत." आग्रह करायला त्यांना जागाच मिळेना. ताटली रिकामी व्हायला आली तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर असा गोंधळ होता, जणू वाढता वाढता पळीच हातातून कुणी काढून घेतली. चार दिवसांनी निरोप आला, मुलगी चांगली आहे, पण जरा मोकळी आहे. मोकळी! वडील आधी चिडले, मग विचारलं, "किती अनारसे खाल्लेस गं तू?" आणि ताराने खरं ते सांगितल्यावर ते ओटीवर बसून एवढे हसले की अशील घाबरून उभा राहिला. ताराला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण त्या मुलाचा चेहरासुद्धा तिला नीट आठवत नव्हता, अनारसे मात्र आठवत होते. पुढे आणखी दोन-तीन स्थळं आली-गेली, मग नोकरी लागली, मग वय झालं असं लोक म्हणू लागले, आणि बघता बघता तिची ताराबाई झाली. राजापेठेत दोन खोल्या, खिडकीत तुळस, शनिवारी घरी बोलावलेल्या विद्यार्थिनी, सुटीत आईवडिलांकडे चार दिवस. सुखी होत्या ताराबाई. कुणी विचारलं असतं तर तसं सांगितलंही असतं, पहिल्याच वेळेला. फक्त कधी कधी कुणाकडे गेल्या आणि चहा घेणार का विचारल्यावर हो म्हणून टाकलं, की समोरच्या बाईचा पुढच्या आग्रहाचा शब्द तोंडातच राहायचा, आणि ताराबाईंना वाटायचं, आपण काहीतरी तोडलं. मग चहा गोड लागत नसे.

दादरची ही गोष्ट त्यांनी वर्गात गंमत म्हणून सांगितली होती. पाहुण्याच्या शब्दावर विश्वास ठेवणं ही नव्या काळाची रीत आहे, हॉटेलात, इस्पितळात, वसतिगृहात ती लागते, हे पटवायला. साऱ्या पोरी खिदळल्या. मनकर्णा तेवढी हसली नाही. डोळे बारीक करून म्हणाली, "बाई, तुमी हात आडवा केल्ता का?" "कसा करणार गं, समोर ताटच नव्हतं." "मंग हात कुठी व्हते तुमचे?" ताराबाईंना आठवावं लागलं. हात मांडीवर होते, मासिक धरलेले. "हां," मनकर्णा म्हणाली, "त्या मायनं पायलंच नाई." आणि तिच्या डोळ्यांत चक्क पाणी तरळलं, बाई उपाशी राहिल्या म्हणून. दहा वर्षांपूर्वीच्या त्या भुकेवर रडणारं हे एकच माणूस ताराबाईंना भेटलं होतं. त्यांचा जीव या पोरीवर होता तो तेव्हापासून. आणि तरीही, तिचं भलं व्हावं म्हणून, गेले दोन महिने त्यांनी तिला रोज कॉलेज सुटल्यावर थांबवून घोकून घेतलं होतं, नको म्हणजे नको. पातेलं घेऊन मागे फिरायचं. विचार करायचा नाही. "हात पायले तरी चालते का?" "नाही चालत! पुण्याहून बाई येणार आहेत, त्यांना हे कळायचं नाही. त्या नियम बघतील." "बरं बाई," मनकर्णा म्हणाली होती.

आणि आज सकाळपासून नियम तसा सुरेख चालला होता. मनकर्णाच्या आधीच्या पोरींनी आपापली टेबलं मांडली, हातरुमालांच्या घड्या केल्या, डावीकडून वाढलं, उजवीकडून उचललं. माणिकबाईंनी प्रत्येकीचं चमचाभर चाखलं आणि पुढचा चमचा आला की "नको" म्हटलं. एकजात सगळ्या मागे फिरल्या. माणिकबाई कागदावर खुणा करत गेल्या. उंच, सडसडीत बाई, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, बोलणं मोजकं. पहाटेच्या गाडीनं उतरून थेट इथे आल्या होत्या. ताराबाई त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत आल्या होत्या, आणि पेन्सिलकडे. हातांकडे त्यांनी पाहिलं नव्हतं. आता या क्षणी, वाफेच्या पलीकडे, त्यांनी पाहिलं. माणिकबाईंचा उजवा हात ताटाच्या कडेला होता. गोळाभाताचा पहिला घास कधीच संपला होता, माणिकबाई बोटानं ताटावरचं तेल निपटत होत्या, आपल्याच नकळत. चमचा बाजूला पडला होता. ताटावर पंजा नव्हता. अरे देवा, ताराबाईंच्या मनात आलं, ही तर मासिक धरून बसलीय.

मनकर्णा मागे वळली. शिकवल्यासारखी, नेटकी. ताराबाईंच्या जिवात जीव यायला हवा होता, तो आला नाही. पास झाली पोरगी, त्यांनी स्वतःला सांगितलं, अकोल्याची नोकरी मिळाली, अचलपूरचं पाहुणं दारातून उठलं. मग एवढं कसंनुसं का होतंय? वाढ गं, असं ओठांपर्यंत आलं आणि नियमानं तिथेच अडलं. मनकर्णा दोन पावलं गेली. थांबली. पाठमोरीच उभी राहिली, आणि तिच्या मानेवरून ताराबाईंना कळलं की आता काही खरं नाही. ती वळली, टेबलाशी आली, पळीभर गोळाभात ताटात घातला, वर तेलाची धार सोडली, आणि दोन महिन्यांचं सगळं घोकणं गुंडाळून ठेवून म्हणाली, "जेवा न माय. सक्काळपासून उपाशी हा तुमी. लाजता कायले?"

दारातून पोरी डोकावल्या. माणिकबाईंनी चष्म्यावरून वर पाहिलं. "मी नको म्हटलं होतं, ऐकलंत ना?"

"ऐकलं, बाई."

"पाहुण्याच्या इच्छेचा मान राखायचा, हे शिकवलंय ना तुम्हाला?"

"शिकवलं हाय. बाईनं दोन महिने शिकवलं. बाईचा काईच दोष नाई." मनकर्णानं हातातली पळी सोडली नव्हती. "पन मी इच्यारलं तुमाले. आधी तोंडाले इच्यारलं, मंग हाताले इच्यारलं. हात नाई म्हनत नव्हता."

माणिकबाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. तेलानं माखलेली तर्जनी, तिच्यावर हिंगाचा पिवळा डाग. त्यांनी तो हात जरा उचलला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता, आणि जेवायला लागल्या. चमच्यानं नाही, हातानं. सावकाश, खाली मान घालून, शेवटच्या शितापर्यंत जेवल्या. ताराबाई कागदावरच्या पेन्सिलकडे पाहत होत्या. जेवली म्हणजे पास केलं असं थोडंच असतं? प्राचार्यही जेवलेच होते की! मग मनकर्णा लाडवांची ताटली घेऊन आली. "लाडू घ्या." "नको," माणिकबाई म्हणाल्या, आणि त्यांनी ताटावर पंजा पसरला. आडवा. पुरता आडवा. मनकर्णा तत्काळ मागे सरली. अर्धा तरी घ्या, नाही. चवीपुरता, नाही. अवाक्षर नाही. ताटली ठेवली आणि हात धुवायला पाणी आणलं. वऱ्हाडातल्या बाईला 'अर्धा तरी' न म्हणता गप्प राहायला किती जड जातं ते पुण्याच्या बाईंना ठाऊक असेल-नसेल, ताराबाईंना ठाऊक होतं. त्यांच्या मुठीतलं पदराचं टोक सुटलं.

पोरी आवराआवर करायला गेल्या तेव्हा माणिकबाई भिंतीशी येऊन शेजारच्या खुर्चीवर बसल्या. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा नाकावर ठेवला. "तिनं तुमचा नियम मोडला," त्या म्हणाल्या, "हे मी लिहिणार. तिथला गुण तिला मिळायचा नाही." ताराबाईंनी मान हलवली. "बाकी सगळ्यांत दिला आहे. चांगली पास आहे मुलगी, काळजी करू नका. खानावळ तिच्या हाती असली तर तिथली एक मुलगी उपाशी झोपायची नाही." मग त्या म्हणाल्या, "लाडवाच्या वेळी मी मुद्दाम हात आडवा केला. पाहायचं होतं मला, ही नुसती लादणारी आहे की बघणारी. पण ताराबाई, हे तुम्ही अभ्यासक्रमात लिहिणार कसं?"

"लिहिता नाही यायचं," ताराबाई हसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "मी तर उलटंच लिहिलं होतं."

"उलटं नाही. अर्धं." माणिकबाई उठल्या. टांगा खाली उभा होता.

टांगा फाटकाबाहेर गेला. ताराबाई परत वर आल्या तेव्हा ऊन पश्चिमेच्या खिडकीतून चादरीवर आलं होतं. पोरी भांडी घेऊन नळावर गेल्या होत्या, त्यांची बडबड खालून ऐकू येत होती. मनकर्णा एकटी टेबलाशी होती. पास झाल्याचं ताराबाईंनी तिला जिन्यातच सांगून टाकलं होतं, नियम गेला चुलीत. तेव्हा ती बाईंच्या पाया पडून पळत वर आली होती. आता तिनं एक ताट मांडलं होतं, पाण्याचा तांब्या ठेवला होता, आणि गोळाभात पुन्हा गरम केला होता. हिंगाचा तो वास पुन्हा आला. ताराबाई खुर्चीवर बसल्या. किती भूक लागली होती म्हणून सांगू! दादरच्या त्या दुपारीही लागली नव्हती एवढी.

"बाई, वाढू?" मनकर्णानं विचारलं.

हो तोंडात तयारच होतं, दहा वर्षांच्या सवयीनं. ताराबाईंनी ते गिळलं. आणि लहानपणी पंगतीत बसल्यावर म्हणत तसं, मान जराशी वळवून, त्या म्हणाल्या, "नको गं."

मनकर्णानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तिनं हातांकडे पाहिलं. हात मांडीवर होते. तिनं पातेलं उचललं आणि वाढायला सुरुवात केली.